डीआरपीएच करायचंय? आधी टेबलावरचा प्रश्न उचला, विद्यापीठ नंतर

आरोग्य खात्यात किंवा आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेत आठ-दहा वर्षं काढली, एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) किंवा एम.डी. झालं, हाताखाली माणसं आली, की पुढच्या शिक्षणाचा विचार सुरू होतो. अशा वेळी डीआरपीएच हे नाव कानावर येतं. डॉक्टर ऑफ पब्लिक हेल्थ, म्हणजे सार्वजनिक आरोग्यात निर्णयाच्या जागी बसणाऱ्यांसाठीची व्यावसायिक डॉक्टरेट. चौकशीला येणारे बहुतेक जण पहिलाच प्रश्न विचारतात, 'कुठलं विद्यापीठ चांगलं?' आणि घोळ तिथूनच सुरू होतो. विद्यापीठ हा चौथा-पाचवा निर्णय आहे. तुमच्या टेबलावर पडलेल्या कोणत्या प्रश्नाला आयुष्यातली पुढची तीन-चार वर्षं द्यायची, हे आधी ठरवायचं असतं.

पीएच.डी. नव्हे, पण तिच्यापेक्षा हलकीही नव्हे

पीएच.डी. करणाऱ्याकडून नवं ज्ञान अपेक्षित असतं. डीआरपीएच करणाऱ्याकडून, उपलब्ध ज्ञान घेऊन एखादी संस्था, कार्यक्रम किंवा धोरण जागचं हलवणं आणि ते कसं हलवलं हे शिस्तीने मांडणं अपेक्षित असतं. संशोधन दोन्हीकडे करावंच लागतं, त्यामुळे 'डीआरपीएचला आकडेमोड कमी' अशा समजुतीने कोणी येऊ नये.

अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याच्या शिक्षणसंस्थांना मान्यता देणारी परिषद आहे, तिला सीईपीएच म्हणतात. तिच्या निकषांनुसार डीआरपीएचच्या प्रत्येक विद्यार्थ्यात २० मूलभूत क्षमता दिसाव्या लागतात. त्यांचे चार गट आहेत: माहिती व विश्लेषण; नेतृत्व, व्यवस्थापन व कारभार; धोरण व कार्यक्रम; आणि शिक्षण व मनुष्यबळ विकास. निकषांतली ही यादी सीईपीएचच्या संकेतस्थळावर आहे. ती छापून घ्या आणि प्रत्येक क्षमतेसमोर स्वतःच्या कामातला एक प्रसंग लिहा. जिथे काहीच सुचत नाही तिथे तुम्हाला शिकायचं आहे. हा कागद पुढे अर्ज लिहिताना सोन्यासारखा उपयोगी पडतो.

एक खुलासा इथेच. या पदवीनंतर नावामागे 'डॉ.' लागतं, पण रुग्ण तपासण्याचा परवाना तिच्यातून मिळत नाही. नर्सिंग, समाजकार्य किंवा सांख्यिकीतून आलेल्यांनी हे घरच्यांनाही सांगून ठेवावं.

पहिली पायरी: एका पानावर प्रश्न

बीड जिल्ह्यातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र डोळ्यांसमोर आणा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयते निघतात, म्हणजे नवरा-बायकोची ऊसतोडणीची जोडी मुकादमाबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्यावर जाते, सोबत लेकरंही. परत येणं मार्च-एप्रिलात. आता लसीकरणाचं वेळापत्रक पाहा. पेंटा म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचे तीन डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना, गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर. फेब्रुवारी ते जून या काळात जन्मलेल्या बाळाचे पेंटाचे तिन्ही डोस साधारणपणे गावातच होतात. नववा महिना मात्र नोव्हेंबर ते मार्चमध्ये भरतो, तेव्हा बाळ उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत असतं.

समजा, या केंद्रात वर्षभरात ४०० बाळांना पेंटा-१ मिळाली आणि त्यातल्या ३३२ बाळांना गोवर-रुबेलाचा पहिला डोस. गळती ६८ बाळांची, म्हणजे १७ टक्के. जागतिक आरोग्य संघटना १० टक्क्यांच्या वरची गळती काळजीची मानते, म्हणून मासिक बैठकीत या केंद्राला बोलणी बसतात. पण हाच आकडा जन्ममहिन्याप्रमाणे फोडला, तर चित्र असं निघू शकतं: फेब्रुवारी ते जूनमधल्या १७० बाळांपैकी ५५ सुटली, म्हणजे ३२ टक्के; बाकीच्या २३० पैकी १३ सुटली, म्हणजे ६ टक्केही नाही. वर्षाच्या सरासरीने दोन वेगळी दुखणी एकाच पांघरुणाखाली झाकली होती.

पीएच.डी.चा विद्यार्थी इथे विचारेल की, डोस सुटण्याशी कोणकोणते घटक जोडलेले आहेत? डीआरपीएचचा प्रश्न वेगळा. गावच्या आशाताईंची ड्यू लिस्ट, म्हणजे डोस द्यायच्या बाळांची यादी, कारखान्याजवळच्या केंद्रापर्यंत कोणाच्या आदेशाने जाईल? तिथल्या एएनएमने (आरोग्य सेविकेने) डोस दिला तर तो कोणाच्या उद्दिष्टात धरायचा? मुकादमाची यादी, साखर कारखान्याची यादी आणि आरोग्य केंद्राची यादी या तिन्ही एकत्र कोणी बसवायच्या? अशा प्रश्नाला उत्तर मिळालं तर पुढच्या हंगामात काहीतरी बदलतं. तुमच्या एका पानात चार गोष्टी याव्यात: अडचण काय, ती कोणत्या आकड्यात दिसते, निर्णय कोणत्या पदाच्या हातात आहे, आणि तुम्हाला त्या निर्णयापर्यंत पोहोचता येतं का. चौथ्याचं उत्तर 'नाही' असेल तर प्रश्न लहान करा. राज्याचं धोरण बदलण्याची भाषा अर्जात भारदस्त दिसते खरी, पण तालुक्यातल्या माणसाला ते तीन वर्षांत तडीस नेता येत नाही.

आपण पात्र आहोत का?

बहुतेक ठिकाणी एमपीएच किंवा तत्सम पदव्युत्तर पदवी आणि काही वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. किती वर्षांचा, आणि पदवीनंतरचाच की आधीचाही चालतो, हे प्रत्येक विद्यापीठ वेगळं सांगतं. सीईपीएचची मान्यता नसलेल्या संस्थेतून एमपीएच झालं असेल, किंवा एम.डी. कम्युनिटी मेडिसिन असेल, तर पायाभूत ज्ञानाचे १२ मुद्दे पूर्ण झाल्याचं दाखवावं लागतं. त्यासाठी एखादा जादा कोर्स गळ्यात पडू शकतो. त्याची फी वेगळी भरावी लागते, म्हणून आधीच विचारा.

बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस किंवा नर्सिंगनंतर थेट डीआरपीएचकडे धाव घेऊ नका. आधी एमपीएच करा. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था, पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा आरोग्यशास्त्र विभाग आणि तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन केंद्र ही ओळखीची ठिकाणं. भारतातच डॉक्टरेट करायची असेल, तर पीएच.डी. हा मळलेला रस्ता आहे. तिला विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम लागू आहेत, किमान मुदत ३ वर्षं. प्रश्न तोच ठेवून, खात्याच्या कामाला जोडलेला विषय घेऊन पीएच.डी. करणं हाही सन्मानाचा पर्याय आहे.

विद्यापीठ निवडताना

पदवीचं नाव एक असलं तरी बांधणी निराळी असते. बोस्टनच्या हार्वर्डमधला कार्यक्रम पूर्णवेळ आहे, २०१४ मध्ये त्याची नव्याने आखणी झाली आणि अखेरीस संस्थेसोबत केलेला प्रकल्प असतो. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये नोकरी सांभाळून, अर्धवेळ करता येतो. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा चॅपल हिलचा कार्यक्रम अनुभवी अधिकाऱ्यांसाठी आहे, तुकडीने शिकवला जातो, बराचसा दुरून. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये आधी शिकवणीचा भाग, मग एखाद्या संस्थेत राहून तिच्या कारभाराचं आणि धोरणाचं विश्लेषण, आणि शेवटी प्रबंध. तुमच्या प्रश्नाला यातली कोणती बांधणी मानवते ते पाहा. ऊसतोडीसारखा हंगामी प्रश्न असेल तर तुम्हाला नोव्हेंबर ते मार्च महाराष्ट्रात असायलाच हवं, मग बोस्टनचा पूर्णवेळ अभ्यासक्रम कितीही नावाजलेला असो.

ऑनलाइन वर्गाच्या वेळेकडे कोणी लक्ष देत नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा संध्याकाळी ६ चा वर्ग आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे ३:३० ला आणि हिवाळ्यात ४:३० ला असतो, कारण त्यांचं घड्याळ वर्षातून दोनदा सरकतं आणि आपलं नाही. आठवड्यातून दोन पहाटे अशा गेल्या आणि नऊ वाजता पुन्हा कार्यालय, हे तीन वर्षं निभेल का, याचा घरात बसून शांतपणे विचार करा.

वेळेचा हिशेब असा करा. सीईपीएचच्या निकषानुसार एमपीएचनंतरचे किमान ३६ सेमिस्टर क्रेडिट लागतात, आणि प्रबंधाचे क्रेडिट त्यात धरत नाहीत. तीन क्रेडिटचे १२ कोर्स झाले. एका क्रेडिटला आठवड्याला साधारण १ तास वर्ग आणि २ तास घरचा अभ्यास, म्हणजे तीन क्रेडिटच्या एका कोर्सला ९ तास, दोन घेतले तर १८. सेमिस्टरला दोन कोर्स या चालीने सहा सेमिस्टर लागतात. काही विद्यापीठं तिमाही पद्धतीचे क्रेडिट देतात, तिथे ३६ सेमिस्टर क्रेडिट म्हणजे ५४ तिमाही क्रेडिट. दोन विद्यापीठांची फी क्रेडिटप्रमाणे ताडताना हा फरक विसरला की स्वस्त वाटणारा अभ्यासक्रम महाग निघतो.

आणि समकक्षता. परदेशी पदवीला भारतात समकक्षता मिळेलच असं गृहीत धरू नका, ऑनलाइन असेल तर मुळीच नको. बढती किंवा अध्यापनाच्या जागेसाठी पदवी वापरायची असेल, तर प्रवेश घेण्याआधी आपल्या खात्याकडून लेखी विचारून घ्या. तोंडी 'चालेल हो' याला फाइलवर किंमत नाही.

अर्ज: कागदांना वेळ लागतो

अमेरिकेतली बरीच विद्यापीठं सोफास या सामाईक प्रणालीतून अर्ज घेतात. ती साधारण ऑगस्टमध्ये उघडते आणि अनेक ठिकाणी मुदत डिसेंबरात संपते. तयारी मात्र मार्च-एप्रिलपासूनच हवी, कारण भारतीय गुणपत्रिकांचं मूल्यमापन वेस (वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस) या संस्थेकडून करून घ्यावं लागतं आणि त्यासाठी विद्यापीठाने प्रमाणित केलेले कागद लागतात. आपल्या विद्यापीठांत परीक्षा विभागाची खिडकी, चलन, सही, शिक्का या फेऱ्यांत दोन-तीन महिने सहज जातात.

इथे महाराष्ट्रातल्या अर्जदारांना हमखास ठेच लागते ती नावाची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव आणि नाव वेगवेगळ्या रकान्यांत. लग्नानंतर आडनाव बदललेलं. काही गुणपत्रिकांवर आईचं नावही. मूल्यमापन करणाऱ्याला या दोन वेगळ्या व्यक्ती वाटतात आणि प्रकरण अडकतं. सगळे कागद एका ओळीत मांडून नावं ताडून पाहा. फरक असेल तर प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र आधीच तयार ठेवा.

आयईएलटीएस किंवा टोफेलचे गुण दोन वर्षं ग्राह्य असतात, म्हणून फार लवकर परीक्षा देऊन ठेवू नका. शिफारसपत्रं साधारण तीन लागतात. त्यातलं एक तरी तुमच्या कामाच्या वरिष्ठांचं असावं, आणि त्यांनी एक प्रत्यक्ष प्रसंग लिहावा. 'कष्टाळू व प्रामाणिक' एवढ्यावर थांबलेलं पत्र काही सांगत नाही. वरिष्ठांना आपलं एक पान आणि केलेल्या कामाचे मुद्दे द्या, ते त्यांना आवडतंच.

उद्देशपत्रात लहानपणीच्या सेवाभावाची पानं भरू नका. वरचा प्रश्न मांडा, कोणता निर्णय तुम्ही स्वतः घेतलात आणि तो कुठे अडला ते लिहा, आणि त्या अडलेल्या जागी या अभ्यासक्रमातला कोणता भाग कामी येईल ते सांगा.

सरकारी नोकरीत असाल तर ना हरकत प्रमाणपत्राची फाइल अर्जाआधी हलवा. अध्ययन रजेला मर्यादा असते आणि परत येऊन सेवा देण्याचं बंधपत्र द्यावं लागतं. आस्थापना शाखेतल्या जाणत्या लिपिकाकडे अर्धा तास बसा, नियम त्यांना तोंडपाठ असतात. अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिला वयाची अट आहे. डीआरपीएच ही तिथे डॉक्टरेट म्हणून धरली जाईल का, हे त्या वर्षीच्या जाहिरातीवरून आणि समाजकल्याण आयुक्तालयाकडून लेखी विचारूनच ठरवा.

कामाच्या जागी करायचा प्रकल्प

वर्गातल्या कोर्सनंतर, किंवा त्यांच्या जोडीने, प्रत्यक्ष कामाचा भाग येतो. सीईपीएचचा नियम स्वच्छ आहे: संस्थेला खरोखर उपयोगी पडेल असं काहीतरी तयार झालं पाहिजे आणि त्यातून किमान पाच क्षमता दिसल्या पाहिजेत, त्यातली एक तरी नेतृत्वाची. तुमच्याच कार्यालयात करता येतं, पण ते रोजच्या नेमून दिलेल्या कामापलीकडचं हवं. मासिक अहवाल जरा सजवून दिला तर परत येतो. आपल्या उदाहरणात, दोन जिल्ह्यांच्या आरोग्य विभागांत स्थलांतरित बाळांच्या याद्यांची देवघेव कशी व्हावी याची कार्यपद्धती आणि तिची एका हंगामाची चाचणी, हे चालेल.

परवानग्यांची चळत

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून प्रवेश मिळाल्याच्या पहिल्या वर्षातच सुरुवात करा. परदेशी विद्यापीठाची नैतिकता समिती आणि भारतातली नोंदणीकृत नैतिकता समिती, दोन्हींची मंजुरी घ्यायचं धरून चाला. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची) २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं वाचून काढा. भारतातली समिती त्यावरच बोट ठेवते. परदेशी निधी किंवा सहकार्य असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडे जावं लागतं का, ते मार्गदर्शकाबरोबर आधी तपासा.

जिल्ह्यात परवानगीचं पत्र पदाला लिहा, व्यक्तीला नाही. 'मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद' असं, आणि प्रत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. साहेबांची बदली झाली की नावाने दिलेल्या पत्राला कोणी वाली उरत नाही. आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. पत्रात नेमकी कोणती माहिती, कोणत्या काळातली आणि नावं काढून टाकलेल्या स्वरूपात हवी, हे लिहा. 'लसीकरणाची सर्व माहिती' असं लिहिलं तर फाइल अडते, आणि अडायलाच हवी, कारण ती लेकरांची माहिती आहे.

क्षेत्रात उतरल्यावर

तुम्ही तालुका आरोग्य अधिकारी असाल आणि तुमच्याच एएनएमची मुलाखत तुम्हीच घेतलीत, तर ती म्हणणार, 'सर, सगळं व्यवस्थित आहे.' तिची संमतीही खरी संमती नसते, कारण तिचा गोपनीय अहवाल तुमच्या हातात आहे. बाहेरची प्रशिक्षित व्यक्ती नेमा, मुलाखत केंद्राबाहेर होऊ द्या, आणि ध्वनिमुद्रण व नावं तुमच्यापर्यंत येणार नाहीत अशी व्यवस्था आराखड्यातच लिहा. परीक्षक हे विचारतातच.

संमतीपत्र मराठीत लिहा, इंग्रजीवरून उलथवलेलं नको. कोपीतल्या आईला वाचून दाखवलं तर ती थांबून प्रश्न विचारू शकेल, इतकं सोपं हवं. मुलाखतींचं लेखन मूळ बोलीत जपून ठेवा आणि विश्लेषण शक्यतो मूळ मजकुरावर करा. 'लेकरू तिकडं जाऊन तापलं तर कोण बघणार?' या वाक्यात लसीनंतरच्या तापाची भीती आणि परक्या गावातलं एकटेपण दोन्ही आहे. भाषांतरात बहुतेक वेळा तापच तेवढा उरतो.

कॅलेंडरवर आधी अडथळे लिहा, मग काम: हंगामाची सुरुवात, पल्स पोलिओचे आठवडे, मार्चअखेर, निवडणुकीची आचारसंहिता. आचारसंहितेत नवा निर्णय निघत नाही, मोहिमेच्या आठवड्यात एएनएम भेटत नाही. ऑक्टोबरात मंजुरी हातात नसेल तर पुढचा ऑक्टोबर गाठावा लागतो, म्हणजे एक वर्ष आणि त्या वर्षाची फी.

लिहिताना

विश्लेषणासाठी चौकट, म्हणजे कोणते मुद्दे तपासायचे याचा तयार आराखडा, एकच घ्या. अंमलबजावणी का अडली हे पाहायचं असेल तर सीएफआयआर (CFIR), कार्यक्रम किती जणांपर्यंत पोहोचला आणि टिकला का हे मोजायचं असेल तर री-एम (RE-AIM). दोन-तीन चौकटी एकत्र बांधल्या की प्रबंधाचं पहिलं प्रकरण फुगतं आणि निष्कर्ष पातळ होतात.

मार्गदर्शक समितीत एक तरी माणूस प्रत्यक्ष कारभारातला असावा. हंगामात मजकूर लिहून होत नाही हे मान्य करून दर आठवड्याला एक पान क्षेत्रनोंद तेवढी लिहा: कोण भेटलं, काय ठरलं, काय ठरूनही झालं नाही. डीआरपीएचच्या प्रबंधात न झालेल्या गोष्टींचं प्रकरण अनेकदा सगळ्यात मोलाचं निघतं, आणि नोंदी नसतील तर ते लिहिताच येत नाही.

प्रबंधाबरोबर खात्यासाठी दोन पानांची टिपणी मराठीत तयार करा. विषय, सद्यःस्थिती, प्रस्ताव, खर्च, मान्यता कोणाची, या नेहमीच्या क्रमानेच, म्हणजे ती फाइलला लावता येते. ती सप्टेंबर संपण्याआधी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर पोहोचवा, सोबत फेब्रुवारी ते जूनमध्ये जन्मलेल्या बाळांची गावनिहाय ड्यू लिस्ट तयार करण्याचा नमुना जोडून. दसऱ्यानंतर कोयते निघाले की ती यादी करायला गावात कोणी उरत नाही.